डोक्याला ताप, व्हाया देवळाली

इंग्रजी भाषेला वेड आमच्या जिल्ह्यानं लावलं, हे मी कळवणच्या स्टँडवर कुणालाही, त्यानं विचारलेलं नसताना, सांगतो. इंग्रज डोकं फिरलेल्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतो, आणि डूलॅली म्हणजे आपली देवळाली! ऐकणारा मान डोलावतो आणि नांदुरीची गाडी लागली का ते बघतो.

शब्दकोशवाल्यांवर माझा राग आहे. ते देवळालीचा पत्ता ‘मुंबईजवळचं गाव’ असा देतात. सुमारे १८० किलोमीटर म्हणजे जवळ! मग त्या मापानं कळवण देवळालीच्या अंगणातच आलं, आणि या शब्दात आमचाही हिस्सा निघतो. सातबाऱ्यावर नाव नाही, एवढंच.

नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर मायदेशाच्या बोटीसाठी देवळालीच्या छावणीत आणून ठेवत. पलटणीच्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच सुटायच्या. शेवटची हुकली की पुढच्या हिवाळ्यापर्यंत बसा. हातात हत्यार नाही, कवायत क्वचित, बाकी ऊन, दारू आणि हिवताप. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानं १९३६ सालच्या आठवणींत लिहिलंय, की वर्षानुवर्षं नाकासमोर चाललेली माणसं इथं बिघडून तुरुंगात जायची. आणि याच देवळालीत मुंबईचे शेठ छाती सुधारावी म्हणून हवा खायला येत!

पूर्ण प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा आहे. टॅप म्हणजे ताप. इथं मात्र मला आवरत नाही. विद्वान म्हणतात, हा ताप हिंदुस्थानी. म्हणोत बापडे. बुखार अंगात भरतो. डोक्याला ताप होतो तो मराठी माणसाच्याच. कळवणात तर तो बारमाही आहे. एसटी आली नाही, डोक्याला ताप. मोटारीची लाईट रात्री दोनला आली, ताप. जावई आला, ताप. दिवाळीला आलाच नाही, त्याहून मोठा ताप. थर्मामीटरला न सापडणारा हा आजार कुणा वॉर्डबॉयनं, नाहीतर कुणा न्हाव्यानं, साहेबाची पाठ वळताच कपाळावर बोट ठेवून दुसऱ्याला सांगितला असणार. पुरावा नाही, पण माझं मत ठाम आहे.

हे सगळं मी परवा थोरल्या भावाला, अण्णांना, कांद्याच्या चाळीत ऐकवत होतो. ते बॅटरीच्या उजेडात कांदा निवडत होते. उन्हाळी कांदा एप्रिलात चाळीत पडतो आणि भाव येईल म्हणून दिवाळीपर्यंत पडून राहतो. वरून ढीग टणक, गुलाबी. आत हात घातला की खालचा थर पाणी सुटलेला, बोटांना काळी बुरशी, आणि वास असा की आंघोळ करून जेवायला बसलं तरी घासाबरोबर येतो. २०२३ च्या ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. त्या वर्षी अण्णा असेच निवडत बसायचे आणि घरात कुणाशी बोलायचे नाहीत. वहिनी ताट चाळीत नेऊन ठेवायच्या आणि तसंच परत आणायच्या. बोट हुकलेल्या गोऱ्यासाठी इंग्रजीनं शब्द केला, बीबीसीनं त्या देवळालीवर विनोदी मालिका काढली. भाव हुकलेल्या माणसाला आम्ही काय म्हणतो? ‘बघू पुढच्या वर्षी.’

अण्णांनी कोंब फुटलेला एक कांदा बाजूला फेकला.

“त्यांला जेवण सरकारी व्हतं ना?”

“हो.”

“पगार?”

“तोही चालू.”

“आन् बोट येणार, हे नक्की?”

“नोव्हेंबर उजाडला की. नक्की.”

“मंग येडं व्हायला काय झालं व्हतं त्यांला?”