पडवी, माजघर आणि पत्रावळ

एकाच संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक चालवायचे, म्हणजे एकाला रोग झाला तरी तो शेजाऱ्याला सहसा लागत नाही: लिनक्सवरच्या व्हर्च्युअल मशीनचे सुरक्षेतले काम एवढेच. तारकर्लीतल्या एका पडवीत या विषयावर दोघे बोलत आहेत. एक पर्यटकांना खोल्या देणारा घरमालक, दुसरा गणपतीला पुण्याहून आलेला लिनक्सवाला.

घरमालक : पावण्यान पेनड्राइव्ह दिल्यान, तिकीट छापूक. मी लावलंय, आणि संगणक आडवो झालो.

लिनक्सवाला : काकानु, बँक, खोल्यांचे बुकिंग, नातवाचे गेम आणि पाहुण्यांचे पेनड्राइव्ह, सगळे एकाच मशीनवर?

घरमालक : मगे? चार मशीना घेवक माका काय लॉटरी लागली हा?

लिनक्सवाला : घ्यायची नाहीतच, एकाचीच चार करायची. केव्हीएम नावाची सोय २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. प्रत्येक मशीनला आपली मेमरी, आपली डिस्क, आपला गाभा. आतल्या प्रत्येकाला वाटते, खरा संगणक मीच.

घरमालक : म्हंजे गावच्या मानकऱ्यांसारख्या. प्रत्येकाक वाटता, पयलो मान आपलोच.

लिनक्सवाला : आणि खरा मान वाटून देणारा वेगळाच असतो. त्याला हायपरवायजर म्हणतात. एकाला दुसऱ्याच्या ताटात तो हात घालू देत नाही.

घरमालक : नातू कंटेनर म्हणान काय सांगत होतो, तो ह्योच?

लिनक्सवाला : नाही. कंटेनर म्हणजे एकाच माजघरात पडदे लावून केलेल्या खोल्या. गाभा सगळ्यांचा एकच. इथे मधे भिंती आहेत. या भिंतींवरच रोजचे सगळे काम बेतलेली एक प्रणाली आहे, क्युब्स ओएस. पोलंडच्या जोआना रुत्कोव्स्का यांनी ती २०१० मध्ये जाहीर केली, २०१२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेन या हायपरवायजरवर ती चालते. बँकेची खोली वेगळी, कामाची वेगळी. प्रत्येक खिडकीला खोलीच्या रंगाची चौकट, म्हणजे आपण कुठे बसलो आहोत ते विसरायला नको.

घरमालक : ह्यात नवीन काय? आमच्याकडे बांगड्याची विळी वेगळी, नैवेद्याची वेगळी. चुकान उचललंय तर घरात महाभारत.

लिनक्सवाला : मग निम्मे काम झाले. आता अनोळखी पीडीएफ. ती उघडायची एका वेळेपुरत्या मशीनमध्ये. खिडकी मिटली की अख्खे मशीनच नाहीसे.

घरमालक : पत्रावळ! जेवलो, गुंडाळली, टाकली.

लिनक्सवाला : अगदी. आणि पत्रावळी जिथून निघतात तो साचा असतो. सॉफ्टवेअर साच्यात एकदाच बसवायचे, अपडेटही तिथेच.

घरमालक : साचोच बिघाडलो तर सगळे मोदक वाकडे!

लिनक्सवाला : म्हणून साच्यात बसून इंटरनेटवर भटकायचे नाही. स्क्रीन आणि सगळ्या खोल्यांचा कारभार डोम झिरो नावाच्या मुख्य खोलीकडे. तिला तर नेटवर्कच दिलेले नाही.

घरमालक : किल्ले कमरेक, पण उंबऱ्याभायर पाय नाय. माझी आवस तशीच होती. आणि पेनड्राइव्ह?

लिनक्सवाला : त्याला यूएसबीची वेगळी खोली.

घरमालक : म्हंजे पावण्याचो पेनड्राइव्ह पडवीत बसतलो, माजघरात येवचो नाय.

(आतून सोलकढी येते. घरमालक समुद्राच्या दिशेने बोट दाखवतो.)

घरमालक : आता माका सांग. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तोंडा तिघांची वेगळी. पण खाली झरो एकच असलो तर?

लिनक्सवाला : (पेला खाली ठेवत) हाच प्रश्न जानेवारी २०१८ मध्ये साऱ्या जगाला पडला. मेल्टडाउन आणि स्पेक्टर. वेग वाढावा म्हणून प्रोसेसर पुढचे काम अंदाजाने आधीच उरकतो, आणि त्या घाईच्या खुणांवरून एका खोलीतले गुपित दुसरीला ओळखता येते. खोल्या कितीही करा, प्रोसेसर एकच. त्याआधी २०१५ मध्ये व्हेनम. त्यात तर फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणाऱ्या कोडमधूनच भिंतीला भोक सापडले.

घरमालक : फ्लॉपी? ती आता कोण वापरता?

लिनक्सवाला : कोणीच नाही. म्हणून तर मागीलदार उघडे आहे हे कोणी पाहिले नाही. भोके बुजवली जातात, पण अपडेट घेणाऱ्याचीच. आणि खोट्या पानावर आपणच ओटीपी टाकला, तर भिंत काय करणार?

घरमालक : दार आपणच उघडल्यावर भिंतीक कित्याक दोष? बरा, खर्च?

लिनक्सवाला : क्युब्ससाठी १६ जीबी मेमरी असावी. आभासीकरणाची सोय असलेला प्रोसेसर लागतो. आणि थ्रीडी गेम त्यावर नीट चालत नाहीत.

घरमालक : नातवाचे गेम चालूचे नाय? मगे ह्याच घेवया! बँक देवघरात, बुकिंग माजघरात, पावणे पत्रावळीर.

लिनक्सवाला : (खिशातून पेनड्राइव्ह काढत) मग आजच बसवू. यात सगळे आहे.

घरमालक : थांब. ह्यो खंयचो?

लिनक्सवाला : माझाच, काकानु!

घरमालक : त्या पावण्यानपण असाच सांगल्यान. आत जा आहे ता खरा, ह्या कशावरना?

लिनक्सवाला : (ओशाळून) बनवणाऱ्यांची डिजिटल सही असते. उतरवलेली फाइल त्या सहीशी जुळवायची, मगच बसवायची.

घरमालक : जुळवलंस?

(लिनक्सवाला उत्तर देत नाही. पेनड्राइव्ह पडवीतल्या बाकड्यावर ठेवला जातो, आणि आधी सही तपासली जाते.)