मातीला मान, मडक्याला घासाघीस

कुंभाराबद्दल आपल्याला भलताच आदर. गोरोबाकाकांचे अभंग ऐकून गहिवरतो आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या माठाला टिचकी मारून ‘पन्नास कमी करा’ म्हणतो. सरकारचा आदरही याच जातीचा. 2004 साली तेव्हाचे रेल्वेमंत्री लालूप्रसादांनी रेल्वेत मातीच्या कुल्हडाची घोषणा केली. आज डब्यात चहा येतो तो बहुधा कागदी कपातच. 2023 च्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभाराला अवजारांसाठी 15 हजारांपर्यंतचं व्हाउचर आणि 5 टक्के व्याजाने कर्ज मिळतं. विजेच्या चाकाने कष्ट वाचतात, हे खरंच; पण अडलंय ते चाकापाशी नाही. माती, भट्टीची जागा आणि गिऱ्हाईक यांचं व्हाउचर निघत नाही. धारावीच्या कुंभारवाड्यात घर, कामाची जागा आणि भट्टी एकाच वस्तीत नांदतात. पुनर्विकासाच्या सदनिकेत भट्टी कुठल्या मजल्यावर पेटवायची?

कुणी म्हणेल, पॉटरी स्टुडिओवाले तर एकेक मग शेकडो रुपयांना विकतात. विकतात ना! पण ग्लेझ, दोनदा भाजणं, भट्टीत तडकलेला माल आणि प्रदर्शनातल्या स्टॉलचं भाडं वजा करून बघा. म्हणून तर अनेकांना शनिवार-रविवारी कार्यशाळा घ्याव्या लागतात. तिथे माठाचे पन्नास रुपये कमी करायला लावणारं तेच गिऱ्हाईक हजार-दीड हजार मोजून स्वतःच्या हाताने वेडंवाकडं भांडं करतं, फोटो काढतं आणि भावाबद्दल चकार शब्द काढत नाही. तेव्हा या धंद्यात उतरणाऱ्यांनी चाक जरूर घ्यावं, पण आधी शिकाऊ हौशींसाठी चार स्टुलं घ्यावीत. भाडं त्यांच्यावरच निघणार आहे.