परसातले कारभारी

नाशिकरोडला जेलरोड, उपनगर, दसक या पट्ट्यात नोटप्रेसमधून निवृत्त झालेले नाना गल्लीआड एक सापडतात. उभा जन्म सरकारच्या कोऱ्या नोटा मोजण्यात गेला. आता रो-हाऊसच्या मागच्या बोळात अंडी मोजतात. हरसूलकडच्या ओळखीच्या माणसाकडून सहा-सात गावठी कोंबड्या आणायच्या, जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खुराडं ठोकायचं, आणि "विकतच्या अंड्यात राम नाही हो" असं सकाळच्या फिरण्यात जाहीर करायचं, की नानांचा दुसरा डाव सुरू.

नानांना वाटतं, कोंबडी गरीब प्राणी. आठवड्यात भ्रम फिटतो. थोरली दाण्यावरून मधलीला टोचते, मधली धाकटीला, आणि धाकटी तलंग कोपऱ्यात मान खाली घालून उभी. थोरलीफ शेल्डरप-एबे नावाच्या नॉर्वेजियन माणसानं लहानपणापासून कोंबड्यांच्या वह्या लिहिल्या आणि कोणी कोणाला टोचायचं याची ही उतरंड १९२२ साली जगापुढे मांडली. नानांना नवल वाटत नाही. त्यांनी सीनियॉरिटी लिस्ट पाहिलेली असते.

मग कोणीतरी सल्ला देतं: "कोंबडा आणा." नाना स्वस्तातला कोवळा पोरगा आणतात. मुरलेल्या कोंबड्या त्याला असा बदडतात, की हा भावी कर्ता पुरुष पहिले काही दिवस वॉशिंग मशीनमागेच काढतो. तुरा लाल झाला, अंगात वजन आलं, की चित्र पालटतं. दोघींची जुंपली की तो मधून नुसता चालत जातो, आणि भांडण विरतं. स्वीडनमधल्या पाहणीतही कळपात कोंबडे असले की कोंबड्यांची आपसातली मारामारी कमी दिसली होती.

त्याची खरी कमाई मात्र दाण्यापाशी बघावी. बाजरीचा दाणा दिसला की तो गिळत नाही. उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो, कुट-कुट-कुट करत मान हलवतो. कोंबडी धावत येऊन दाणा मटकावते आणि हा छाती काढून बघत राहतो. कोंबडी लांब असली तर कधी साधा खडा उचलूनही तीच हाक मारतो, हा भाग नाना सांगत नाहीत. वरून घार आली तर एक आवाज, जमिनीवरून मांजर आलं तर वेगळा. पहाऱ्याला कोणी आहे म्हटल्यावर बाकीच्या निवांत माती उकरत बसतात.

"बघितलंस? घरात बाप्या माणूस असला की घर शांत राहतं," नाना खिडकीतून ऐकवतात.

आतून काकू म्हणतात, "तो दाणा सापडला की आधी बायकांना हाक मारतो. तुम्हाला चिवड्याचा डबा सापडला की तुम्ही कोणाला मारता?"

यावर नाना खुराडं झाडायला जातात.

उरला पहाटेचा प्रश्न. कोंबडा केवळ उजेड बघून आरवतो हा गैरसमज. त्याच्या अंगातच घड्याळ असतं, हे नागोया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवलं. सातपूरला दुसरी पाळी करून एक वाजता आडव्या झालेल्या शेजाऱ्याला हे शास्त्र चार वाजता समजावणं अवघड जातं. नाना त्याला ब्राह्ममुहूर्ताचं महत्त्व सांगतात, तोही सोसायटीच्या ग्रुपवर नानांचं महत्त्व सांगतो.

तेव्हा तुमच्याही मागच्या बोळात असा विचार शिजत असेल, तर ऐका. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पिल्लं हवी असतील तरच लागतो. आणायचाच तर वर्षभराचा, जाणता आणा. आठ-दहा कोंबड्यांत एकच ठेवा. तीन-चारच असतील तर त्यांच्या पाठीवर पीस उरणार नाही. आणि आधी शेजाऱ्याला विचारा. आठवड्याला अर्धा डझन पोहोचती करायची तयारी असेल, तर तो बहुधा हो म्हणेल.