कक्षा रुंदावणारे काका

बँकेतून निवृत्त झालेली माणसं साधारणपणे सोसायटीचे सेक्रेटरी होतात, गुडघे बदलून घेतात किंवा वाचू लागतात. सेक्रेटरीचा त्रास सभासदांना होतो, गुडघ्यांचा विमा कंपनीला. वाचणाऱ्याचा मात्र भेटेल त्याला होतो.

ठाण्यात हे काका हमखास आढळतात. ज्या गावात 1893 पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तिथे राहून आपण जन्मभर लोकलचं टाइमटेबल तेवढं वाचलं, ही टोचणी त्यांना निरोपसमारंभाचा नारळ फुटायच्या आत लागते. लगेच अनामत, वर्गणी, कार्ड. आणि मग फ्लॅट रंगवायला काढावा तशा ते ज्ञानाच्या कक्षा रुंदावायला काढतात.

पाया भक्कम हवा म्हणून आरंभ मराठी विश्वकोशापासून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभं केलेलं हे काम, पहिला खंड 1976 चा, एकूण खंड 20, नोंदी अकारविल्हे. काका पहिल्या पानापासून वाचतात, कारण लेजर मधूनच उघडायचं नसतं. त्यामुळे त्यांची विद्वत्ता अजून 'अ'च्या हद्दीत आहे. अफू, अजिंठा, अणुऊर्जा... तासभर ऐका. हत्तीचा विषय निघाला की चष्मा पुसत बसतात. पण लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यावरून गाडी अफगाणिस्तानात नेण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

काकांनी वाचलेलं पुस्तक ओळखणं सोपं आहे. समासात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे असतात: 'तपासले', 'खातरजमा व्हावी', 'मागील पानाशी ताळमेळ नाही'. खाली तारीख आणि आद्याक्षरं. एका नामवंत इतिहासकाराच्या प्रकरणाखाली 'मंजूर' असा शेरा मी स्वतः पाहिला आहे. ग्रंथपाल बाई खोडरबर घेऊनच पुस्तक परत घेतात.

खरी अडचण अशी की शेवटचं वाचलेलं पुस्तक हेच काकांचं मत. युवाल नोआ हरारींचं 'सेपियन्स' हाती पडलं तो आठवडा त्या घराला जड गेला. माणसाने गव्हाला नव्हे, गव्हाने माणसाला पाळीव केलं, हा त्यातला मुद्दा काकांच्या इतका जिव्हारी लागला की ते ताटातल्या पोळीकडे संशयाने बघू लागले. "हिनेच आपल्याला शेताला जुंपलंय," ते म्हणाले. काकू म्हणाल्या, "मला कणकेलाही जुंपलंय. घ्या अजून एक."

काकू फार बोलत नाहीत. पुढच्या खेपेला कार्ड घेऊन त्या स्वतःच वाचनालयात गेल्या आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' घेऊन आल्या. काकांनी ती पहिल्या पानापासून, पेन्सिल घेऊन वाचली. सगळी प्रमाणं वाटी-चमच्यात दिलेली पाहून त्यांच्यातला अधिकारी सद्गदित झाला. "असा चोख हिशेब मी आमच्या शाखेतही पाहिला नाही!" तेव्हापासून रविवारची आमटी काका करतात. मीठ दोनदा पडतं, कारण एकदा टाकतात आणि एकदा पडताळून पाहतात. तेवढा वेळ काकू गॅलरीत पाय पसरून इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचतात. पेन्सिलीशिवाय. 'सेपियन्स'ही त्यांनी काकांच्या आधीच संपवलं होतं, हे घरात अजून कोणी विचारलेलं नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. आमच्या इमारतीत माझ्यासकट बहुतेकांची मतं कॉलेज सुटलं तेव्हा होती तीच आहेत आणि सकाळी सहापासून व्हॉट्सअ‍ॅपवर ती एकमेकांना ऐकवणं चालू असतं. "परवा मी म्हणालो ते चूक होतं, नवीन वाचलं," असं लिफ्टमध्ये चारचौघांत सांगणारा माणूस एकच आहे. ते ऐकताना मजला निघून जातो, हे खरं.

तेव्हा तुमच्याकडेही असे काका असतील, तर त्यांच्याशी वाद घालू नका. पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं, ते काकूंना विचारा.