नऊ कोटींचा फरक

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो संदेश अधूनमधून उगवतोच. देशाची लोकसंख्या १३० कोटी. त्यातल्या ७० टक्के लोकांनी रोज फक्त एक रुपया सैन्याच्या खात्यात टाकला, तर दिवसाला १०० कोटी, महिन्याला ३,००० कोटी, वर्षाला ३६,००० कोटी! खाली बँकेचं नाव, खाते क्रमांक, तिरंग्यांची रांग आणि 'खरे भारतीय असाल तर पुढे पाठवा' अशी तंबी.

यावर सगळे जण सॅल्यूट ठोकतात. मागे एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र विचारलं, "१३० चे ७० टक्के ९१ होतात. वरचे ९ कोटी कुठून आणले?" काका बँकेतून निवृत्त झालेत, त्यांचा नाइलाज असतो. ग्रुप बराच वेळ गप्प. मग सेक्रेटरींनी लिहिलं, "काका, देशाच्या बाबतीत तरी हिशेब काढू नका." गणपतीच्या वर्गणीत कोणाचे पन्नास रुपये कमी पडले हे जिन्याखालच्या फळ्यावर लिहिणारे ते हेच सेक्रेटरी. काका पुन्हा म्हणाले, "त्या ९१ कोटींत पाळण्यातली बाळंपण धरलीत का?" तेव्हा कोणीतरी घाईघाईने शुभ सकाळचं गुलाब टाकलं. दुपारचे दोन वाजले होते.

गंमत अशी, की ते खातं खरं होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत सियाचिनमध्ये हिमस्खलनात आपले दहा जवान गेले. मदत करायची तर कुठे, असं पुष्कळ लोक विचारू लागले, म्हणून लढाईत कामी आलेल्या जवानांच्या कुटुंबीयांसाठी ते उघडलं गेलं. सरळ, चांगली गोष्ट. पण सरळ गोष्ट पुढे कोण पाठवणार? मग संदेश रचणाऱ्याने त्यात शस्त्रखरेदी घातली, मंत्रिमंडळाचा निर्णय घातला, निर्णयाला अक्षय कुमारची सूचना घातली. शेवटी संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला. तो खुलासा आमच्या ग्रुपवर आजतागायत आलेला नाही. त्याच्याखाली तिरंगे नसावेत.

शिवाय त्या काळी एनईएफटीने छोटी रक्कम पाठवायची तर बँक अडीच रुपयांपर्यंत शुल्क घेई, वर कर वेगळा. म्हणजे जवानाच्या घरच्यांना रुपया आणि बँकेला अडीच. आता तर ते खातं जिच्यात होतं ती सिंडिकेट बँकही राहिली नाही, १ एप्रिल २०२० ला ती कॅनरा बँकेत विलीन झाली. संदेश मात्र ठणठणीत आहे.

या संदेशाची आजी म्हणजे संतोषीमातेचं पोस्टकार्ड. इतक्या जणांना पत्रं लिहा, भरभराट होईल. फाडून टाकलंत तर अमक्याचं दुकान बुडालं तसं तुमचं बुडेल. तिथे निदान पोस्टकार्डाचे पैसे पडत, मजकूर हाताने उतरवताना बोटं दुखत. आता देवीच्या जागी जवान आला आणि शाप बदलला: दुकान बुडत नाही, नागरिकत्व बुडतं. बर्फात गाडल्यासारखे झोपलेल्या सैनिकांचा एक फोटो 'सियाचिन, उणे पन्नास अंश' म्हणून देशभर फिरला. नंतर कळलं, ते सैनिक रशियाचे. आमच्या ग्रुपने त्यांनाही भरभरून मानवंदना दिली होती. पुण्यातून एवढं कौतुक फुकटात कोणाला मिळत नाही, त्यांनी जपून ठेवायला हवं.

पूर्वीचं सगळं थोर होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. १९६२ ला घरोघर जवानांसाठी स्वेटर विणले गेले. माझ्या आत्यानेही विणला. तिच्या हातचे पुढचे स्वेटर आम्ही घातलेत. त्यांच्या गळ्यातून कान सहीसलामत बाहेर काढणं ही स्वतंत्र मोहीम असे. तो पहिला स्वेटर ज्याच्या वाट्याला गेला, त्याच्यापुढे चिनी सैन्य आणि मागून माझी आत्या. १९६५ ला शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं, तर आमच्या आजीच्या घरी सोमवार आधीपासूनच उपासाचा. तिने तो देशाच्या नावे वर्ग केला आणि साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी असा बेत चालू ठेवला. तिला कोणी टोकलं, तर ती म्हणे, "गहू-तांदळाचा दाणा तरी शिजला का घरात?" नव्हता शिजला. टंचाई धान्याचीच होती; आजीचा मुद्दा बिनतोड.

तरी मला ती माणसं बरी वाटतात. लोकर विकत आणावी लागे, भूक मारावी लागे (निदान भाताची), आणि सात डिसेंबरला ध्वजदिनाचा कागदी झेंडा छातीवर टाचताना गुरुजी नाणं घेत आणि टाचणीही टोचवत. कुठेतरी काहीतरी टोचायचं.

आमच्या ग्रुपवर एक सुभेदारकाका आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, सिग्नलमधून निवृत्त. ते या कशालाच उत्तर देत नाहीत. परवा रक्षाबंधनाला आमच्या शेजारच्या शाळेने सीमेवर राख्या पाठवल्या, तेव्हा मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "काका, तुम्हाला यायच्या का हो राख्या?"

"यायच्या की. पोतंच यायचं," ते म्हणाले. "राखीबरोबर पत्र. आन् आमच्या सीओ साहेबांचा हुकूम, प्रत्येक लेकराला उत्तर गेलंच पायजे. एका साली निम्मी पत्रं निघाली मराठीत. युनिटात तमिळ, सरदार, बंगाली सगळे. मराठी येणारा मी एकटा."

"मग?"

"मग काय! ड्युटी संपली की बसायचं लिहीत. 'काका, तिकडे गृहपाठ असतो का?', 'तुमच्या बंदुकीचं नाव काय?' एकीनं तर नववीचं गणित पाठवलं सोडवायला. ते एका बंगाल्यानं सोडवलं, मी खाली सही केली."

"छान वाटत असेल ना पण?"

"वाटायचं. पण बोटं गारठायची हो. शेवटी मीच शाळेच्या बाईंना लिवलं," सुभेदारकाका म्हणाले, "राख्या म्हणाल तेवढ्या पाठवा. पत्रं तेवढी हिंदीत लिहायला सांगा."