आधी नंबर घासा, मग गाडी घ्या

सोयाबीन विकून हातात चार पैसे आले की गावोगावच्या पोरांची नजर जुन्या जीपवर जाते. कुणाच्या तरी गोठ्याशेजारी काळी-पिवळी म्हणून राबराब राबलेली कमांडर उभी असते. टप काढलेला, मागचा भाग कापून आखूड केलेला, टायर रुंद, पुढे चार जादा दिवे. मालक म्हणतो, ‘कागदाचं काय घेऊन बसले भाऊ, इंजिन पाहा इंजिन!’ आणि पोरगं खरोखरच इंजिन पाहत बसतं. फसगत होते ती इथे.

जुनी जीप स्वस्तात घेऊन हळूहळू उभी करण्याची हौस मला मनापासून आवडते. गाडी म्हणजे हप्ता, असं समीकरण झालेल्या काळात एखादा पोरगा पाना हातात घेऊन थकलेलं यंत्र पुन्हा चालतं करतो, हे कौतुकाचंच आहे. गाडीही त्या लायकीची आहे. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून हे लोखंड गावातल्या मिस्त्रीच्या हाताला ओळखीचं आहे. त्यात सेन्सर नाही, संगणक नाही. रिसोडचा, कारंज्याचा मिस्त्री ती नुसत्या आवाजावरून ओळखतो. माझा राग आहे तो खरेदीच्या क्रमावर. लोक आधी रंग ठरवतात, मग टायर, मग इंजिन, आणि कागद सगळ्यात शेवटी. हा क्रम मुळापासून उलटा करायला हवा.

पहिलं काम नंबरचं. डिझेलमध्ये भिजवलेला बोळा आणि पॉलिश पेपर घ्या आणि चेसीसच्या दांडीवर जिथे नंबर ठोकलेला असतो तिथला चिखल, ग्रीस, जुना रंग काढा. अक्षरं उघडी पडली की वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. नाव बदलायच्या फॉर्मवर आरटीओला हीच पेन्सिल-प्रिंट लागते. मग एकेक अक्षर आरसी बुकाशी ताडून पाहा. एक आकडा खोल आणि शेजारचा उथळ, ओळ तिरकी, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, असं काही दिसलं तर तिथला चहासुद्धा न घेता उठा. इंजिनाच्या नंबरचंही तसंच करा. बुकात एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरंच, हा प्रकार जुन्या जीपमध्ये सर्रास सापडतो.

मग गाडीची कुंडली पाहा. आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. म्हणून जिल्ह्याहून जुनी गाडी एमएच ३० असते, नंतरची एमएच ३७. मूळ रेकॉर्ड कुठे आहे, ऑनलाइन चढलंय का, बँकेचा बोजा उतरलाय का, दंड किती थकलाय, हे परिवहनच्या ॲपवर आणि आरटीओच्या खिडकीवर आधी कळतं. काळी-पिवळी तर प्रवासी वाहन म्हणून नोंदलेली असते. परवाना जमा करून वर्ग बदलून घेतल्याशिवाय ती खासगी होत नाही. पिवळी पाटी काढून पांढरी लावणं म्हणजे स्वतःहून दंडाला निमंत्रण.

‘टीटी फॉर्मवर सही करून देतो, नावावर कधीही करा,’ असं सांगणाऱ्या विक्रेत्याने स्वतःच्याच गळ्यात धोंडा बांधलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलंय की, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. त्या खटल्यात गाडी चार हात फिरली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या पहिल्या मालकावरच आली. वाशीमच्या बाजारात विकलेली जीप उद्या हिंगोलीच्या रस्त्यावर कुणाला उडवेल, तर नोटीस तुमच्याच दारात येईल. कायदा विक्रेत्याला कळवण्यासाठी १४ दिवस देतो आणि घेणाऱ्याला ३०. एवढी मुदत पुरेशी आहे.

आता त्या कापाकापीकडे या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, कारखान्याने दिलेली आणि नोंदणीत लिहिलेली मूळ रचना मनाने बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. रंग बदला, किरकोळ जोडकाम करा, पण सांगाड्याला हात नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तेव्हा गाडीखाली झोपा आणि चेसीसच्या दांड्यांवरून हात फिरवा. मध्येच वेल्डिंगची जाड शिवण लागली, तर लांब जीप कापून आखूड केलीय हे समजा. ती शिवण खड्ड्यात कधी उघडेल हे कुणीच सांगू शकत नाही. अशी गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

‘पण व्हिंटेजचा नियम आलाय ना?’ असं विचारणारे भेटतात. जुलै २०२१ चा तो नियम नीट वाचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली हवीत, गाडी मूळ रूपात हवी, चेसीस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. नोंदणीचे २० हजार रुपये, आणि एवढं करून ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. आपल्याकडची तीस वर्षांची, सतरा हातांनी बदललेली कमांडर त्यात बसणार नाही. तिला साधं नूतनीकरणच करावं लागेल. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं ते शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ते १०,००० वर गेलं. पर्यावरण कर, विमा आणि नवी नंबरप्लेट वेगळी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो तो असा.

एवढं सगळं जुळलं, तर मग खुशाल घ्या. हातात एक लाख असेल, तर गाडीवर चाळीसच्या वर जाऊ नका. पहिला पैसा ब्रेक, स्टिअरिंग आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर, नंतर इंजिनावर, रंगावर सगळ्यात शेवटी. घेताना खिशात चुंबक ठेवा. जिथे ते पत्र्याला धरत नाही, तिथे गंज खरवडण्याऐवजी लांबी थापलीय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. तिथून धूर फुकला जात असेल तर बोअरपासून सगळं काम निघणार. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेलाय आणि तिथे १२० च्या वेगाने गाड्या धावतात. ढिल्या स्टिअरिंगची जीप तिथे नेणं म्हणजे आपल्यासोबत दुसऱ्याच्या पोराबाळांचाही जीव टांगणीला लावणं.

कसब आपल्याकडे भरपूर आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, साठेक हजारांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. जानेवारी २०२२ मध्ये महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. मात्र ती गाडी नियमात बसत नाही, हे आनंद महिंद्रांनी आधीच जाहीरपणे लिहिलं होतं. असं कसब बक्षिसापर्यंत पोचतं आणि रस्त्यापर्यंत पोचत नाही, हे मला खटकतं.

म्हणून परिवहन विभागाकडे एक मागणी आहे. आरटीओची शिबिरं तालुक्याला भरतात. तिथे जुनी गाडी विकत घेण्याआधी तपासून देण्याची सोय करा. ठरावीक शुल्क घ्या आणि निरीक्षकाने लेखी द्यावं की नंबर जुळतो, हा बदल चालेल, हा मूळपदावर आणावा लागेल. नोंदीच मेलेल्या गाड्या त्याच दिवशी कळतील आणि पोरांचे पैसे वाचतील.

तोवर सौद्याला एकच अट घाला, गाडी नावावर झाली की पुरे पैसे. ही अट ज्याला मान्य नाही, त्याला आपल्या गाडीचं खरं माहीत आहे.