क्यारीचा नाद

चेहरा पाडल्याशिवाय गाणं मोठं होत नाही, अशी आमच्या धाराशिवात पक्की समजूत आहे. चांगलं गाणं म्हणजे विरह, वैराग्य नाहीतर दुष्काळ. ऐकणाऱ्यानं डोळे मिटायचे, मान हलवायची आणि मध्येच एक उसासा सोडायचा. उसासा आला नाही तर गायक कच्चा. मीही वर्षानुवर्षं असाच जबाबदार श्रोता होतो. मग पुण्यात जपानी शिकणाऱ्या पुतणीनं "काका, हे बघाच" म्हणून एक व्हिडिओ पाठवला, आणि पन्नाशी ओलांडलेला, बीपीची गोळी चालू असलेला एक सरकारी माणूस क्यारी पाम्यू पाम्यू ह्या जपानी गायिकेच्या नादी लागला.

गाणं 'पोनपोनपोन', २०११ सालचं. गुलाबी कपड्यांतली अठरा वर्षांची पोरगी खेळण्यांनी खच्चून भरलेल्या खोलीत उभी राहते आणि स्वतःच्या कानातून माईक काढते. आसपास पाव, डोळे, कवट्या, बदकं तरंगत असतात. मागे झालरीचा फ्रॉक घातलेली एक धिप्पाड आकृती नाचते, तिचा चेहराच दिसत नाही. सौभाग्यवतींनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "त्या खोलीत कुणी झाडू मारत नाही का?"

मी त्यांना समजावलं की हा पसारा नव्हे. तो सेबास्टियन मासुदा नावाच्या कलावंतानं मांडलाय. टोकियोच्या हाराजुकू भागात त्याचं अशाच रंगीबेरंगी वस्तूंचं दुकान आहे. ह्याला कलादिग्दर्शन म्हणतात. त्यावर उत्तर आलं, "मग आपल्या माळ्यावर पण कलादिग्दर्शनच झालंय. रविवारी आवरून टाका."

बाईंचं पूर्ण रंगमंचीय नाव कॅरोलाइन चारोनप्लोप क्यारी पाम्यू पाम्यू. ह्या नावाचं रेशनकार्ड काढायचं तर रकाना पुरायचा नाही. पण गंमत नावात नाही, गाण्यात आहे. शब्द कळत नाहीत, आणि कळावेत असं वाटतही नाही. चाली यासुताका नाकाता ह्या माणसाच्या. हिरोशिमातून आलेल्या तीन मुलींचा 'परफ्यूम' हा ग्रुपही त्याच्याच हाताखाली घडला आणि २००७ च्या 'पॉलिरिदम'नं देशभर गाजला. वरवर सगळा चिवचिवाट, पण खालचे ठोके असे काटेकोर की तुळजापूरच्या संबळवाल्यानंही मान डोलवावी. इतकं खुळचट दिसायला केवढी शिस्त लागते! आमच्याकडे लोक फुकट खुळचट दिसतात.

जपानी सरकारनं तर ह्या गोडपणाला चक्क शासकीय दर्जा दिला. २००९ मध्ये त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयानं तीन तरुणींना गोंडसपणाच्या राजदूत म्हणून नेमलं : एक झालरींच्या फ्रॉकवाली, एक हाराजुकूच्या फॅशनची आणि एक शाळेच्या गणवेशातली. असा प्रस्ताव आमच्या कार्यालयात आला असता तर तीन टेबलं फिरून 'गोंडस म्हणजे नेमके काय, याबाबत मार्गदर्शन व्हावे' ह्या शेऱ्यासह परत गेला असता. सोबत तिघींचे रहिवासी दाखले मागवले असते ते वेगळंच.

त्यांच्या हात्सुने मिकूवर मात्र आमच्या हापिसातले सगळे जळतात. निळसर-हिरव्या दोन लांब शेंड्यांची ही गायिका म्हणजे २००७ साली बाजारात आलेलं एक सॉफ्टवेअर. स्टेजवर नुसता प्रकाश नाचतो आणि समोर हजारो माणसं दिवे हलवतात. वय सोळा. तेव्हापासून सोळाच. ना वेतनवाढ, ना बदली, ना निवृत्ती.

मुंबईलाही हे वारं लागणार होतं. 'एकेबी ४८' हा जपानी पोरींचा भला मोठा ताफा. त्याचा मुंबई अवतार निघणार अशी घोषणा २०१७ मध्ये झाली. अवतार काही झाला नाही.

आपल्याकडे गोड गाणी नाहीत असं कोण म्हणेल? 'नाच रे मोरा' १९५३ च्या 'देवबाप्पा'मधलं. गदिमांचे शब्द, आशाबाईंचा गळा आणि चाल पु. लं.ची, हेच पु. ल. पुढं जपान फिरून आले आणि त्यांनी 'पूर्वरंग' लिहिलं. पण आपण अशा गाण्यावर 'बालगीत' अशी चिठ्ठी डकवतो आणि दहाव्या वर्षी तो कप्पा बंद करतो. त्यानंतर माणसानं प्रेमगीत ऐकायचं, मग देशभक्तीपर, मग अभंग. क्यारी मात्र मोठ्यांसाठी गाते. २०१२ मध्ये तिनं खोट्या पापण्यांवर अख्खं गाणं केलं. आमच्याकडे खोट्या शपथांवर ढीगभर गाणी आहेत, पापण्यांकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

रंगांचं तेच. मराठवाड्यात रंग कमी आहेत का? खणांचा घागरा नेसून, कपाळभर हळद-कुंकू माखून आसूड ओढणारा पोतराज बघा. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव बघा, कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधी बायका बघा. ह्यातला कुणीही हाराजुकूच्या रस्त्यावर उभा राहिला तर लोक फोटोसाठी रांग लावतील. पण आपल्याकडे मोठ्या माणसाच्या रंगाला देवाचा नाहीतर देवीचा परवाना लागतो. नुसतं आवडलं म्हणून चालत नाही. मी मध्यंतरी पोपटी शर्ट घालून कार्यालयात गेलो, तर शिपायानं चहा ठेवता ठेवता हळूच विचारलं, "साहेब, नवस फेडायलाव का?"

तरी नाद सुटला नाही. शेजारच्या पोराच्या हळदीला डीजे लागला होता. 'झिंगाट' दोनदा वाजून झालं, पोरं दमून पाण्याच्या जारकडं वळली. ती संधी साधून मी डीजेवाल्याच्या लॅपटॉपवर आमची क्यारी सरकवली. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी अभंग लावायला सांगितलाय. ठोका सुरू झाला आणि जारपाशी गेलेली पोरं हातातले ग्लास घेऊनच परत फिरली. नवरदेवाच्या आज्जीनं पदर खोचला. शब्द कुणालाच कळत नव्हते, पण 'पोनपोन' आलं की सगळे एका सुरात ओरडत होते, आणि मांडवातला एकही माणूस उसासा टाकत नव्हता.

गाणं संपल्यावर डीजेवाला फाईलला नाव द्यायला बसला. मी पूर्ण नाव सांगायला लागलो तसा त्यानं हात जोडले आणि 'जपान हळद १' असं टाईप केलं.

"एक कशाला?" मी विचारलं.

"दुसरं देणार की तुम्ही," तो म्हणाला. "परवा कळंबला वरात हाय."